पुंगळीवरचं वंगण: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. एकदा वापरलेली पुंगळी फुगते, म्हणून पुन्हा भरण्याआधी ती वंगण लावून रीसायझिंग डायमधून, म्हणजे तिला मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून, दाबून काढतात. अशा पुंगळ्यांवरचं वंगण पूर्ण काढल्याशिवाय पुढचं काम करू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे नसतं सोवळं आहे. टेक्सासमधला तुमचा भाचा कित्येक वर्षं रायफलची .३०८ मापाची काडतुसं स्वतः भरतो, पुंगळ्या फडक्याने वरवर पुसतो, आणि त्याचं काही बिघडलेलं नाही. बालेवाडीच्या रेंजवर .२२ च्या गोळ्यांना तर उघड मेण लागलेलं असतं, ते कोणी पुसत नाही. पूर्वी सैन्यातसुद्धा तेल लावलेली काडतुसं चालायची. आणि काढायचंच असेल तर ब्रासो आहे, रॉकेल आहे. शिवाय पुण्यात हे करतं कोण, असंही विचारलंत.

आधी या शेवटच्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय हे काम घरी करणं गुन्हा आहे, आणि तसं कोणी करावं असं मी कधीच सुचवणार नाही. पण हा छंद जिथे कायदेशीर आहे अशा देशांतले मराठी वाचक इथे येतात. भोसरीत प्रेसवर पितळ ओढणारेही येतात, आणि धातूवरच्या वंगणाशी त्यांची रोजची झुंज असते. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या या शहरात पितळेवर बोलणं मला तरी परकं वाटत नाही.

आता .२२ चं मेण. ते शिशाच्या गोळीवर मुद्दाम लावलेलं असतं, नळीत शिसं चिकटू नये म्हणून. ते त्या गोळीचं कायमचं अंग आहे. .२२ सारखं रिमफायर काडतूस, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारं, पुन्हा भरलंही जात नाही, त्यामुळे तिथे डाय नाही आणि डायचं वंगणही नाही. दाबातला फरक बघा: .२२ लाँग रायफलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला २४,००० पौंड, तर .३०८ ची ६२,०००. पहिल्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

बार उडतो तेव्हा पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट धरते. मागे ढकलणाऱ्या जोरातला काही भाग ही पकडच झेलते, उरलेला बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. मध्ये तेलाचा थर असला की पकड सुटते आणि बोल्टवरचा भार वाढतो. चांगल्या अवस्थेतली आधुनिक रायफल हा भार सोसते, म्हणून भाच्याचं काही बिघडलं नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण सुरक्षिततेसाठी जी राखीव ताकद ठेवलेली असते, ती अशी का खर्चावी? झिजलेल्या जुन्या रायफलीत ती आधीच कमी असते. शिवाय वरवर पुसलेल्या प्रत्येक पुंगळीवर थर वेगवेगळा राहतो, म्हणजे प्रत्येक बाराला पकडही वेगळी.

सैन्याचं उदाहरण खरं आहे, पण त्याचा शेवट वाचा. इटलीच्या ब्रेडा ३० मशीनगनमध्ये काडतुसांना तेल लावणारी यंत्रणाच बसवलेली होती, कारण त्याशिवाय तिच्या पुंगळ्या नीट बाहेर येत नसत. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याच तेलाला धूळ चिकटली आणि ती बंदूक अडकण्यासाठी बदनाम झाली.

बाहेरच्या तेलापेक्षा मला आतल्या तेलाची जास्त काळजी वाटते. पुंगळीच्या मानेच्या, म्हणजे गोळी बसते त्या तोंडाच्या, आत राहिलेलं वंगण दारूला किंवा बुडातल्या ठिणगी देणाऱ्या प्रायमरला लागलं तर पेट अनिश्चित होऊ शकतो. अर्धवट पेटामुळे गोळी नळीतच अडकली आणि ते न कळता पुढचा बार काढला, तर काय होईल ते सांगायला नको. फडक्याने पुसताना मानेच्या आत कोणाचं बोट जातं?

आणि ब्रासो. इथे मात्र मी अगदी हात जोडून सांगतो, नको. त्यात अमोनिया असतो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. थंड अवस्थेत दाबलेल्या अशा पितळात ताण उरतो, आणि ताण अधिक अमोनिया म्हणजे तडा. हे कळलं तेही आपल्याच पावसाळ्यामुळे. ब्रिटिश सैन्याची हिंदुस्थानात साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळातला ताण मिळून हे घडतं, हा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. डायमधून नुकत्याच निघालेल्या पुंगळीत ताजा ताण असतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिला ब्रासो लावायला सांगताय.

रॉकेल तेल विरघळवतं हे खरं, पण स्वतःचा तेलकट थर मागे ठेवतं. म्हणजे पुन्हा धुणं आलंच.

मग काय करावं? पुंगळीवर मारायच्या वंगणाच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये लॅनोलिन असतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ. लोकर धुताना तो गरम साबणाच्या पाण्यानेच काढतात, पुंगळीवरूनही तसाच निघतो. भांड्याचा साबण, गरम पाणी, हवं तर चिमूटभर लिंबूसत्त्व. आम्लात जास्त वेळ ठेवू नये, जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी दिसायला लागतं. टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात, मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरडाही हे काम छान करतो, फक्त नंतर प्रायमरच्या बाजूचं भोक एकेक करून तपासायचं, तिथे दाणा हमखास अडकतो. धुतलेल्या पुंगळ्या उन्हात वाळवा. पावसाळ्यात ओव्हन वापरलात तर १०० अंशांच्या खालीच ठेवा. सुमारे २५० अंशांपासून पितळ नरम पडू लागतं, आणि पुंगळीचं बूड नरम पडून चालत नाही. आत ओल राहिली तर तीही दारूचं तेलाइतकंच नुकसान करते.

भाच्याला एवढं करायला सांगा. फडक्याने पुसलेली एक रिकामी पुंगळी घे, तिच्यावर स्वच्छ पाणी ओत. पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर ती स्वच्छ आहे. थेंब फुटून वेगळे झाले तर तिथे वंगण आहे. मुलामा देण्याआधी भोसरीतले कारागीर हीच परीक्षा घेतात. तिचा निकाल काय लागतो ते इथे जरूर लिहा. पाणी अखंड राहिलं, तर भाचा कोणतं वंगण वापरतो आणि कोणत्या फडक्याने पुसतो, हेही मला जाणून घ्यायचंय.