छळ करावा तो तोंडानं

नमस्कार.

'मॉडेल रेल्वे प्रदर्शनात मांडणाऱ्यांना छळण्याचे उपाय' हा माझा लेख म्हणजे वर्षानुवर्षं रात्री जागून केलेल्या कामाची टिंगल आहे, त्यातून वात्रट पोरांना नवे धडे मिळतील आणि ज्याला या छंदातलं ओ की ठो कळत नाही त्यानं असलं लिहूच नये, असं तुम्ही म्हणता. लेख काढून टाका, असंही सुचवलंत. प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्देसूद आहे, म्हणून उत्तर लांबलंय.

आधी पोरांचं. लेखातला एकही उपाय हातानं करायचा नाही. रुळांवर आडवं नाणं टाकलं की शॉर्ट सर्किट होतं, आणि डीसीसीवरच्या, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक गाडीला वेगळे डिजिटल हुकूम देणाऱ्या लेआउटमध्ये (लेआउट म्हणजे रूळ-गाड्यांची सगळी मांडणी) तर वीज पुरवणाऱ्या त्या बूस्टरवरच्या सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते लेखात नाही. केसाएवढ्या तारेचा कठडा कुणाच्या तरी बाहीत अडकून तुटला तर त्यात कसली आलीय गंमत? छळ तोंडानं करायचा, एवढं एक पथ्य मी पाळलं.

आता टिंगलीचं. 'ओओवाल्याला विचारा, तुमचे रूळ इतके जवळ का?' हे वाक्य तुम्हाला फार लागलेलं दिसतं. पण त्या प्रश्नात कितीतरी इतिहास भरलाय! ओओ आणि एचओ ही मॉडेल रेल्वेची दोन मापं. एचओ म्हणजे 1:87, रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान. ही मापं ठरली त्या काळच्या, मॉडेल चालवणाऱ्या विजेच्या मोटरी एचओ मापाच्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. मग इंजिनाचं अंग फुगवून फुटाला 4 मिलिमीटर केलं, म्हणजे साधारण 1:76, हेच ओओ, आणि रूळ मात्र तसेच ठेवले. हिशेब केला तर ते रूळ खऱ्या जगात 1257 मिलिमीटरांवर येतात, पाहिजेत खऱ्या रुळांइतके 1435. जवळजवळ 18 सेंटिमीटर गायब! हे सहन न होऊन काहींनी रुळांत 18.2 मिलिमीटर ठेवणारं ईएम हे माप धरलं, त्याहून कडक मंडळींनी 18.83 चं पी-फोर. एवढ्याशा फरकासाठी ही माणसं चाकं बदलतात, रूळ हातानं घालतात. तो प्रश्न विचारला की टेबलामागचा गृहस्थ आधी सुस्कारा टाकतो आणि मग अर्धा तास थांबत नाही. 'छान आहे हं' म्हणून पुढे सरकणारे शंभर प्रेक्षक त्याला ही संधी देतात का?

'गाडी इतकी हळू का?' याचंही तेच. ताशी 100 किलोमीटरची गाडी एचओमध्ये सेकंदाला जेमतेम 32 सेंटिमीटर जायला हवी. मुलं ओरडतात 'जोरात सोडा', बाप म्हणतो 'चार्जिंग संपलं वाटतं', आणि कंट्रोलरवरचा माणूस दात आवळून मालगाडी मालगाडीसारखी हाकत राहतो. माझी सगळी सहानुभूती त्याच्याकडे आहे. लेखात हे सरळ म्हटलं नाही, कारण मग तो विनोदी लेख राहिला नसता.

वळणाचा प्रश्न मात्र दुष्ट आहे, कबूल. 60 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण म्हणजे एचओमध्ये खरं 52 मीटर. मेन लाइनवर असलं वळण कोण घालेल? पण खोलीच्या भिंती काही मागे सरकत नाहीत. हा प्रश्न मी तसाच ठेवणार आहे.

आणि ओ की ठो? बाहेरच्याला लेआउटमधल्या पुलावरची बस दिसते, पण पुलावर बस *नेहमीच* असते हे दिसत नाही. जळतं घर आणि शेजारी बंब, चर्चच्या दारात लग्न, हे सगळं या छंदातलीच माणसं एकमेकांना चिडवायला बोलतात. एलएनईआर या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या हिरव्या रंगातल्या इंजिनाशेजारी 1965 च्या सुमाराचं निळं डिझेल उभं दिसलं तर बाहेरचा माणूस रंगसंगतीचं कौतुक करील. आतला मात्र गोड आवाजात म्हणेल, 'ही कंपनी 1947 संपता संपता गेली ना हो?' त्यावर ठरलेलं उत्तर तयारच असतं: जतन केलेलं इंजिन आहे, खास फेरीवर आलंय. तरी समोरचा हटला नाही तर शेवटचं अस्त्र: रेल्वे माझी आहे, मी ठरवीन.

उलट जे खरंच झोंबतं ते मी लेखात घेतलंच नाही. गर्दी जमली की नेमकी त्याच क्षणी गाडी थांबते. रुळावर किंवा चाकावर मळ साचला, वीज पोचली नाही, एवढंच कारण. मग आभाळातून एक प्रचंड बोट उतरतं आणि इंजिनाला ढकलतं. तेव्हा 'बिघडलं का?' विचारणाऱ्याला माझ्यातर्फेही दोन शब्द सुनवा.

लेख काढणार नाही. तुमच्या लेआउटवर पुलावर बस आहे का, तेवढं कळवा.