छत्रीवाले काका

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये मला नावानं कोणी ओळखत नाही. "ते छत्रीवाले काका" म्हटलं की पुरतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा जरा लागलंच. पायात नवे बूट, गुडघ्यांना पट्टे, पाठीवर पंचावन्न लिटरची सॅक, एवढा सगळा थाट असताना ओळख काय, तर आठ काड्या आणि एक दांडा.

पण छत्रीपर्यंत मी सुखासुखी आलेलो नाही. मी रेनकोटातून आलो आहे.

रेनकोट घेताना विकणारा मुलगा म्हणाला होता, "काका, हे कापड श्वास घेतं." मला बरं वाटलं. चढावर आमच्या दोघांपैकी एकाला तरी तो घेता येणार होता. त्या कापडात म्हणे एक पडदा असतो. त्याची भोकं इतकी बारीक की पावसाचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. हे खरंच आहे. फक्त वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, आणि रेनकोट आपण नेमका ज्या दिवशी घालतो त्या दिवशी ती तशी नसते. त्यातून वरचं कापड भिजून चिंब झालं की पाण्याचा थर बसतो आणि कापडाचा श्वास कोंडतो. पाठोपाठ आपलाही. ओझं घेऊन चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. मी त्यात मागे नाही. दोन तासांनी चेन उघडली तेव्हा बाहेरचा पाऊस थांबला होता, आतला चालू होता.

हुडाचं दुःख वेगळंच. डावीकडे बघावं म्हणून मान वळवली की हूड जागच्या जागी राहतो आणि डोकं आतल्या आत फिरतं. डोळ्यासमोर येते ती शिवण. कानांवर थेंबांचा असा ताशा वाजत असतो की मागचा "काका, थांबा!" म्हणतोय की "काका, चला!" हे कळत नाही. मी दोन्ही वेळा चालतच राहिलो. आणि चष्मा! चष्मेवाल्यांनाच ते कळेल. बाहेरून थेंब, आतून वाफ, आणि पुसायला अंगावर कोरडी अशी एकही गोष्ट नाही.

१८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश माणसानं दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. ते थंडीत ताठ व्हायचं आणि उकाड्यात चिकट. त्यानंतर दोनशे वर्षं कापड सुधारतंय. आतला माणूस मात्र आहे तिथंच आहे.

म्हणून पुढच्या ट्रेकला मी छत्री उघडली. पायथ्याशी आधी शांतता पसरली, मग खोकल्यासारखे आवाज आले. लीडर, वय असेल पंचविशीचं, अदबीनं म्हणाला, "काका, आपण डोंगरावर चाललोय. बस स्टॉपवर नाही."

असं ऐकून घेणारा मी पहिला नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे हा गृहस्थ छत्री घेऊन फिरायचा तेव्हा लोक हसायचे, आणि भाड्याच्या घोडागाड्या हाकणारे तर चिडायचे. पावसात माणसं चालायला लागली तर गाडीत बसणार कोण? पण मला खरा धीर दिला तो एमा गेटवुड या आजींनी. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल त्यांनी एकटीनं, एकाच मोसमात पुरी केली. तीन हजार किलोमीटरहून जास्त वाट. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. त्यांना कुणी "बाथरूम तिकडं आहे" असं म्हणाल्याचं मी तरी वाचलेलं नाही. पुढे रे जार्डिन या पट्टीच्या चालणाऱ्यानं तर लांब पल्ल्याच्या वाटांवर छत्रीच वापरा असा आग्रहच धरला. हे सगळं मी लीडरला सांगितलं. चढ होता, त्याला पळता येत नव्हतं.

तर छत्री. सरळ पडणाऱ्या पावसात, रुंद वाटेवर तिच्याखाली चालणं म्हणजे स्वतःची ओसरी डोक्यावर घेऊन फिरणं. चारही बाजूंनी वारा लागतो, घाम वाळतो, चष्मा कोरडा, नकाशा कोरडा. दोन्ही हातांत काठ्या असतील तर दांडा सॅकच्या पट्ट्याला दोन ठिकाणी बांधायचा आणि निघायचं. मात्र त्यानंतर छत्री आपल्या मर्जीनं चालत नाही, आपण तिच्या मर्जीनं चालतो. खाली वाकलो की सगळं साठलेलं पाणी पुढच्याच्या मानेवर. झुडपांतली वाट अरुंद झाली की एकेक काडी एकेका फांदीशी ओळख काढत बसते. शिवाय काडीचं टोक बरोबर मागच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतं. माझ्यामागे चालायला आता कुणी नसतं. निसर्गाची शांतता म्हणतात ती मला अशी लाभली.

आणि मग धार आली. डोंगराची.

छत्रीच्या घुमटावरून वारा वेगानं गेला की वरचा दाब कमी होतो आणि छत्री वर उचलली जाते. विमानाच्या पंखाचंही साधारण असंच. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि दांडा हातात असणं यांत फरक आहे. छत्री वाऱ्याच्या तोंडाशी तिरकी धरायची, म्हणजे ती दाबली जाते, हेही ठाऊक होतं. पण वाऱ्याला तोंड एकच असतं असं मी धरून चाललो होतो. तो समोरून आला, मी छत्री पुढे केली; तो डावीकडून आला, मी वळलो; मग तो दरीतून, खालून आला. खालून येणाऱ्या वाऱ्यावर शास्त्र गप्प आहे. फट्ट! आठही काड्या आकाशाकडे, आणि मी मशाल धरल्यासारखा उभा. मागून टाळ्या वाजल्या.

काड्या फायबरग्लासच्या होत्या, वाकल्या पण मोडल्या नाहीत. मी छत्री मिटली आणि सॅकच्या तळातून, कुणी बघत नाही असं पाहून, रेनकोट काढला. हो, असतो तो माझ्याकडे. धारेवर, सोसाट्याच्या वाऱ्यात, थंडीत छत्रीच्या भरवशावर राहायचं नसतं, आणि विजा कडाडत असतील तर छत्री मिटून धारेवरून खालीच उतरायचं असतं. एवढी अक्कल मला आहे. फक्त ती ग्रुपमध्ये बोलून दाखवत नाही.

मुक्कामाच्या जागी मात्र छत्रीला तोड नाही. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नसतो, विषारी वायूनं जीव जातो. बाकीचे पावसात उकिडवे बसून भांड्यावर पाठ धरत होते. मी छत्रीखाली पाणी उकळत बसलो होतो. रात्री तीनला जे व्हायचं ते झालंच. शेजारच्या तंबूतून लीडरचा ओला, गार रेनकोट अंगावर चढवतानाचा आवाज आला. तसा आवाज मी फक्त दाताच्या दवाखान्यात ऐकलाय. मी तंबूची चेन अर्धी उघडली, फटीतून छत्री बाहेर काढून उघडली आणि तिच्याखाली सरकलो. आत एक थेंब आला नाही. परत येताना झोपेत होतो. निथळणारी छत्री आत कुठं घ्या, म्हणून बाहेर तीन दगडांच्या बेचक्यात उलटी टेकवली, दांडा वर, आणि पडलो.

पाऊस उजाडेपर्यंत लागून होता. सकाळी ओढ्याला लाल गढूळ लोंढा आलेला, बाटल्या रिकाम्या, आणि सगळे तंबूंभोवती पाणी शोधत. माझी छत्री मीटरभर व्यासाची. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला तिच्यात पाऊण लिटर पडतं. काठावरून बरंच सांडून गेलं असणार, तरी पाच-सहा लिटर स्वच्छ पाणी आत डुलत होतं. वर एक पान आणि एक छोटा बेडूक. बेडकाला सन्मानानं उतरवलं. पाणी खळखळून उकळलं आणि चहा टाकला.

लीडर चहासाठी आपला मग घेऊन आला. काही बोलला नाही. प्यायला, गेला, पाच मिनिटांनी परत आला.

"काका, आहे का अजून?"

"आहे की," मी म्हटलं. "तू पलीकडून काड्या धर, मी दांडा वाकवतो. सावकाश."