पाणी साचलं म्हणजे ऑपरेशन चुकलं असं नाही

खारीगाव, कळवा, विटावा या भागात मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. गेल्या महिन्यात खारीगावच्या एका मावशींच्या लेकीनं मोबाइल पुढे केला. "सिस्टर, हे खरं का?" मेसेज असा होता: स्तन काढल्यावर जखमेत पाणी साचलं तर ऑपरेशन चुकलं समजा. जखमेतलं पाणी बाहेर आणणारी नळी लवकर काढून घ्या, नाहीतर जंतू शिरतात. हात महिनाभर हलवू नका. आंबट खाल्लं की पू होतो.

हा मेसेज मी आधीही घराघरांत पाहिलाय. एका घरी तर त्याच्यापायी हट्ट धरून नळी आधीच काढायला लावली होती. आठवड्याच्या आत छाती फुगली, पाणी काढायला दोनदा सुई टोचावी लागली.

आधी पाण्याचं बोलू. स्तन काढल्यावर वरची कातडी आणि खालचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील तर तिथल्या लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही तुटतात. त्यांतून पाझरणारा पिवळसर द्रव या पोकळीत साचतो, त्याला सिरोमा म्हणतात. या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दिसणारा त्रास हाच, आणि चांगल्या सर्जनच्या पेशंटलाही तो होतो. हा पू नव्हे, कॅन्सर परत आल्याची खूणही नव्हे. थोडं पाणी आपोआप जिरतं, जास्त असेल तर डॉक्टर सुईनं काढतात.

ते कमी करायचे उपाय सर्जनकडे आहेत, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. गोधडीचे थर धावदोऱ्यानं एकमेकांना धरून ठेवतो ना, तशीच कातडी आतून विरघळणाऱ्या टाक्यांनी छातीच्या स्नायूला जागोजागी टाचतात. पोकळीच उरत नाही, तर पाणी साचणार कुठे? नेदरलँड्समधल्या एका चाचणीत असे टाके घातलेल्या बायकांमध्ये सुईनं पाणी काढायची वेळ कमी जणींवर आली. ऑपरेशनला थोडा जास्त वेळ लागतो, कातडीवर काही दिवस खळगे दिसतात, पण मला हा सौदा चांगला वाटतो. काखेत सगळ्या गाठी न काढता पहिल्या एकदोनच तपासून भागत असेल, तर पाणी आणि पुढे हाताला येणारी सूज, दोन्ही कमी होतात. ऑपरेशनच्या आधी हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

नळी फार दिवस राहिली तर संसर्गाची भीती वाढते, एवढं त्या मेसेजमधलं खरं. पण ती कधी काढायची हे तारीख नाही, नळीला जोडलेली, पाणी गोळा होणारी बाटली सांगते. चोवीस तासांत ३० मिलीच्या आसपास किंवा कमी आलं की बहुतेक सर्जन काढतात.

हात महिनाभर बांधून ठेवला तर खांदा जखडतो. मग रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर नेता येत नाही. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. खांद्याच्या वर हात कधी न्यायचा, ते डॉक्टर सांगतील.

आंबटानं पू होत नाही. दही, डाळ, अंडी खा, जखम भरायला प्रथिनं लागतात. घातक आहे ती वाढलेली साखर आणि तंबाखू. मशेरीसुद्धा! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीची कड काळी पडते. ती काळी पडली, लाली पसरली, ताप आला किंवा बाटलीत एकदम लाल रक्त भरलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मावशींनी ब्लाउजपीसची पिशवी शिवून बाटली गळ्यात अडकवली होती. लेक रोज सकाळी आकडा वहीत लिहायची. अकराव्या दिवशी २५ आला, बाराव्या दिवशी २०. वही घेऊन दोघी रिक्षानं हॉस्पिटलला गेल्या आणि नळी निघाली.