लेओव्हर लांब घ्या आणि एकच गालिचा बघा

दोहाला फक्त पावणेदोन तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, मिळाला म्हणून खूश होणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आमच्या वयाचे आईबाप तर यात आघाडीवर. एकूण प्रवास चार तासांनी कमी होतो म्हणून दहा-बारा हजार रुपये जास्त मोजतात. मुंबईहून विमान सुटायला जरा उशीर झाला की दोहा येईपर्यंत जप चालू, उतरल्यावर गेटकडे धावपळ, आणि पुढच्या चौदा-पंधरा तासांच्या प्रवासाला बसतानाच पायांत गोळे. यातून मिळवलं काय?

मी तिकीट काढताना बरोबर उलटं करते. आठ-नऊ तासांचा आणि शक्यतो उजेडात पडणारा लेओव्हर शोधते. अनेकदा तो स्वस्तही पडतो, कारण कुणालाच नको असतो. माझी नणंद यावर हसते. "वहिनी, तुम्ही लेकीकडे निघालाय की विमानतळावर राहायला?" असं तिने सगळ्यांसमोर विचारून झालंय.

पण ही पोस्ट तिच्यासाठी नाही. लांब लेओव्हर मिळाल्यावर शहर 'उरकणाऱ्यांसाठी' आहे. हा दुसरा पंथ हल्ली जोरात आहे. सहा तासांत दोहा, आठ तासांत इस्तंबूल, बारा तासांत सिंगापूर. दोहात सकाळी कॉर्निश हा समुद्रकाठचा रस्ता, मग कटारा हे सांस्कृतिक केंद्र, मग पर्ल हे कृत्रिम बेट, मग सूक वाकिफ हा जुना बाजार, मध्ये कुठेतरी उभ्याउभ्या शावर्मा, आणि प्रत्येक ठिकाणी एक रील. विमानतळावरून पैसे भरून ट्रान्झिट टूर मिळतात, त्याही साधारण याच जातीच्या. बसच्या काचेतून उंच इमारती दाखवतात. उंच इमारती आता आपल्या लोअर परळलाही आहेत.

माझं म्हणणं एवढंच की लेओव्हरमध्ये एक जागा बघावी, एकच. तीसुद्धा 'टॉप टेन'च्या यादीतून उचललेली नको, आपला काहीतरी धागा जिच्याशी जुळतो अशी हवी.

दोहात माझ्यासाठी ती जागा म्हणजे कतारचं राष्ट्रीय संग्रहालय, आणि त्यातही मोत्यांच्या दालनातला एक गालिचा. हा गालिचा बडोद्याचा आहे. आपल्या गायकवाडांचा, म्हणजे मूळच्या खेड तालुक्यातल्या दावडीच्या घराण्याचा. खंडेराव महाराजांनी तो १८६५ च्या सुमारास करवून घेतला. हे नाव पटकन लक्षात येत नसेल तर, ज्या जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेऊन सयाजीराव केलं, त्यांचे हे यजमान. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी त्यांनी हा गालिचा बनवून घेतला असं सांगितलं जातं. एक मराठा राजा, त्याच्या दरबारचे कारागीर आणि मदिनेसाठी नजराणा. आजच्या वादांच्या चौकटीत हे कुठे बसवायचं ते ज्याचं त्याने बघावं. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि गालिचा मदिनेला पोचलाच नाही.

गालिचा म्हटल्यावर डोळ्यांपुढे लोकर येते. इथे लोकर नाहीच. रेशीम आणि हरणाचं कातडं यांच्या पायावर सुमारे १५ लाख मोती भरले आहेत. बारीक, बाजरीच्या दाण्याएवढे, एकाला एक लागून. त्यांच्यामध्ये हिरे, माणकं, पाचू आणि नीलम. आकाराने फार मोठा नाही, साधारण पावणेनऊ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद, म्हणजे आपल्या दिवाणखान्यात सहज मावेल. लांबून तो चक्क फिकट, जरासा पिवळट दिसतो आणि बरेच लोक पुढे निघून जातात. जवळ जाऊन उभं राहिलं की वेली दिसायला लागतात, मग फुलं, मग एकेक मोती. याला वेळ लागतो. ज्याला पुढे कटारा आणि पर्ल गाठायचंय त्याला हे दिसणार नाही.

पुढचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात हा गालिचा मांडला होता. नंतर सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव महाराज यांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर तो मोनॅकोला गेला. शेवटी २००९ मध्ये दोहातच सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. पंधरा लाख मोत्यांचे पंचावन्न लाख डॉलर, म्हणजे मोत्याला चार डॉलरसुद्धा नाहीत, हा हिशेब मी तिथे काचेसमोर उभी राहून केला. बँकेतल्या नोकरीची सवय.

आता धागा उलट्या बाजूने बघा. हे मोती आले कुठून? कतार आणि बहारीनच्या समुद्रातून. आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो आणि जे आजीच्या नथीत होते म्हणून अभिमानाने सांगतो, ते याच आखाताचे. त्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. आखातातले व्यापारी मोती घेऊन मुंबईला यायचे आणि तिथून तांदूळ, कापड, लाकूड घेऊन जायचे. म्हणजे मोती कतारहून मुंबईला, तिथून बडोद्याला, तिथून मोनॅकोला आणि शेवटी परत कतारला. जिथून निघाला तिथेच येऊन बसला, फक्त जाताना शिंपल्यात होता आणि येताना लिलावात.

त्याच दालनात मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या माणसांचीही माहिती आहे, ती सोडू नका. नाकाला चिमटा, कमरेला दोर, पायाला दगड. ऐन उन्हाळ्याचे महिने समुद्रात. वर्षाच्या सुरुवातीला मालकाकडून उचल घ्यायची, मोसमाच्या शेवटी हिशेबात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बुड्या मारायच्या. साखर कारखान्यांवर कोयता घेऊन जाणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. पुढे जपानी कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेले, मोती आले आणि १९३० च्या दशकात हा धंदा बसला. तेल सापडलं ते त्याच दशकाच्या अखेरीला, आणि त्याचा पैसा यायला आणखी दहा वर्षं गेली. मधल्या काळात कतार किती गरीब झालं होतं हे तिथल्या चकचकीत विमानतळावर बसून कळणं अशक्य आहे.

आणखी एक गंमत. १९६६ पर्यंत कतारमध्ये आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपया बाहेर जातोय म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि तिकडच्या लोकांनी रुपयाला रामराम ठोकला. आज एका डॉलरला ३.६४ रियाल हा त्यांचा बांधलेला दर आहे. आपला दर काय आहे ते मी लिहीत नाही, सकाळी सकाळी कशाला.

संग्रहालयाची इमारत फ्रेंच वास्तुकार झाँ नुव्हेल यांची, २०१९ मध्ये उघडलेली. वाळवंटात खनिजांचे गुलाबाच्या पाकळ्यांसारखे स्फटिक तयार होतात, त्यावरून घेतलेला आकार आहे. मोठ्या मोठ्या तबकड्या एकमेकींत घुसलेल्या, सरळ भिंत अशी जवळजवळ नाहीच. मधोमध जुन्या शेखांचा साधा राजवाडा जपलाय. आतला मार्ग सुमारे दीड किलोमीटरचा आहे, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी सगळी अकरा दालनं बघायचा हट्ट धरू नये. सरळ मोत्यांचं दालन विचारावं. मी तेच करते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. लेओव्हर नऊ तासांचा असला तरी नऊ तास आपले नसतात. उतरून इमिग्रेशनच्या बाहेर पडेपर्यंत एक तास धरा. पुढचं विमान सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर परत यायचं, अमेरिकेच्या विमानाला तर नक्कीच, गेटवर पुन्हा तपासणी असते. जाण्यायेण्यात दीड तास. उरले साडेतीन. साडेतीन तासांत चार ठिकाणं बघणारा माणूस खरं तर चार वेळा टॅक्सी शोधत असतो.

जायला मेट्रो उत्तम. विमानतळातूनच लाल मार्गिका निघते, मशरीबला उतरून सोनेरी मार्गिकेत बसायचं, सूक वाकिफनंतरचं स्टेशन नॅशनल म्युझियम. साध्या डब्यात एका फेरीला २ रियाल. ड्रायव्हर नसलेली गाडी आहे आणि कुटुंबांसाठी वेगळा डबा आहे, एकट्या बायकांनाही त्यात बसता येतं. ठाण्याहून सकाळी ८ ची लोकल पकडलेल्या माणसाला ही मेट्रो रिकामीच वाटेल. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढे आणि वर समुद्राची दमट हवा, पण गाडी, स्टेशन आणि संग्रहालय सगळं गार असल्यामुळे भर दुपारीही हे जमतं. कॉर्निशवर फिरणाऱ्यांचं काय होत असेल ते त्यांनाच माहीत.

परतताना वेळ उरलाच तर सूक वाकिफला उतरून चहा प्यायला माझी हरकत नाही. तो 'बघणं' या सदरात धरू नका. दुपारी बाजार झोपलेला असतो, चारनंतर जागा होतो. चहावाला बहुतेक मलयाळी निघतो आणि हिंदीत गप्पा होतात. जवळच ससाण्यांचा बाजार आहे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसलेले असतात. ससाण्यांचा दवाखानाही शेजारीच. कतार एअरवेजच्या इकॉनॉमीत पिंजऱ्याशिवाय ससाणा घेऊन बसता येतं, एका विमानात सहापर्यंत. शेजारच्या सीटवरचं रडणारं पोर यापुढे मला चालेल. इथे अत्तरं सुंदर मिळतात, पण परतताना सुरक्षा तपासणी पुन्हा होणार आहे, तेव्हा शंभर मिलीच्या वरची बाटली घेऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये आधी व्हिसा न काढता प्रवेशाची सोय आहे, पण हॉटेल आरक्षण, पुढचं तिकीट, पासपोर्टची मुदत अशा अटी असतात आणि त्या बदलत राहतात. त्यामुळे 'माझ्या भाच्याला गेल्या वर्षी सोडलं होतं' हा पुरावा धरू नका. त्यांच्या सरकारच्या हय्या संकेतस्थळावर निघायच्या आठवड्यात बघा. हॉटेलचं आरक्षण घ्यावंच लागलं तर ते पैसे वाया गेले असं समजू नका, संग्रहालयातून येऊन दोन तास पाय लांब करून पडता येतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे सामान परस्पर पुढे जातं. वेगवेगळी तिकिटं घेऊन पैसे वाचवले असतील तर हा सगळा बेत विसरा. आणि आखातात वातावरण तापलेलं असेल तेव्हा अर्थातच विमानतळावर गप्प बसायचं.

विमानतळावर बसण्यातही हाच नियम चालतो. ॲम्स्टरडॅमला शेंगेन व्हिसा नसेल तर बाहेर पडता येत नाही, पण तिथे विमानतळाच्या आतच राइक्सम्युझियम या तिथल्या मोठ्या कलासंग्रहालयाचं छोटं दालन आहे, फुकट. तिथे एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटं काढा. सिंगापूरला उलटी गंमत. ज्याचे फोटो सगळे टाकतात तो विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमधला चाळीस मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, व्हिसा किंवा ट्रान्झिटची सवलत नसेल तर त्याच्याजवळ जाता येणार नाही. हे आधी माहीत नसल्याने हिरमुसलेली मराठी कुटुंबं मी तिथे पाहिली आहेत.

लहान मुलं बरोबर असतील, कुणाला बरं नसेल, किंवा रात्री दोन ते पहाटे सहा असा लेओव्हर असेल तर मात्र बाहेर पडायचा उत्साह नको. दोहाच्या हमाद विमानतळावर शांत झोपायच्या खोल्या आहेत. डोक्यावर दिवा असलेलं ते सात मीटर उंच पिवळं अस्वल बघा आणि झोपा.

एक राहिलंच. तिकीट काढताना वार बघा. तिकडे शुक्रवारी सकाळी बरंच काही बंद असतं, आणि संग्रहालयांच्या वेळाही दुपारच्या नमाजानंतरच्या असतात. माझ्या नणंदेला पुढच्या महिन्यात शुक्रवारचंच तिकीट मिळालंय, पावणेदोन तासांच्या लेओव्हरचं, त्यामुळे तिला फरक पडणार नाही.