ड्रायवरची झोप आणि दादाचा मोबाईल

दिवाळीपासून आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद चाललाय. माझ्या मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या, तीन स्लीपर बस आहेत इंदूर-पुणे, आणि तिन्हीत त्याने ड्रायवरच्या तोंडासमोर एआयवाला कॅमेरा लावून घेतला. जांभई दिली, डोळा मिटला, फोन कानाला लावला की केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि क्लिप थेट दादाच्या मोबाईलवर. मामी खूश, म्हणे आता निर्धास्त झोपता येईल. मी फक्त एवढं लिहिलं की दादा, ड्रायवरला विचारलंस का? तर उत्तर आलं, "भिया, तू जर्मनीत बसून प्रायव्हसी शिकवू नको, इथे लोक मरतात."

मरतात हे खरंय. 2022 साली देशात 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं रस्ते अपघातांत गेली. त्याच वर्षी जुलैत इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली, तेव्हापासून आमची आई पुण्याला निघाली की खलघाट मागे पडेपर्यंत जप करत बसते. त्यामुळे कॅमेराच नको असं मी म्हणतच नाहीये, माझ्या स्वतःच्या गाडीत आहे की!

स्टुटगार्टजवळ राहतो, मागच्या वर्षी नवीन गाडी घेतली, स्टिअरिंगच्या मागे एक छोटा काळा डोळा आहे, इन्फ्रारेडवर चालतो म्हणून अंधारातही पापण्या दिसतात त्याला. 50 च्या वर स्पीड असताना 3.5 सेकंद नजर रस्त्यावरून हटली की टुंग. मागच्या सीटवर पोरगा काय सांडतोय ते बघायला वळलो की टुंग. बायको म्हणते तुझ्या आईपेक्षा जास्त बोलते ही गाडी. पण युरोपच्या नियमातच लिहिलंय की या सिस्टिमने लागेल तेवढाच डेटा घ्यायचा, गाडीतल्या गाडीत वापरायचा, काम झालं की लगेच पुसायचा, तिसऱ्या कोणाला द्यायचा नाही, आणि चेहरा ओळखायची तर गरजच पडता कामा नये. माझी जांभई माझ्यात आणि गाडीत राहते. इथे कुठल्या कंपनीला कामगारांवर नजर ठेवणारं मशीन लावायचं असलं आणि तिथे कामगारांची निवडलेली समिती असली, तर आधी तिच्याशी बोलून ठरवावं लागतं, कायदाच आहे तसा.

आणि खरी गोष्ट कॅमेऱ्याच्याही आधीची आहे. इथल्या ट्रकवाल्याला साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10, आणि ते सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, पोलीस हायवेवर थांबवून ते तपासतात आणि चुकलं तर मालकही अडकतो. म्हणजे आधी माणसाला झोपू देतात, मग त्याच्या पापण्या मोजतात. आपल्याकडे असा कायदा कधी नव्हताच असं समजू नका. 1961 चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता, दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर अर्धा तास आराम; 2025 च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवा लेबर कोड आला. किती ड्रायवरांनी त्या ॲक्टचं नाव तरी ऐकलं होतं?

डिसेंबरात घरी आलो होतो तेव्हा दादाच्याच बसने पुण्याला गेलो, इंदूरच्या तीन इमली बसस्टँडवरून संध्याकाळी, सहाशे किमीच्या आसपास, एकच ड्रायवर. बिजासन घाटाच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा बघितलं तर कॅमेऱ्यावर गमछा टाकलेला. विचारलं, तर म्हणाला भैया, भोंग्याने मागचे पॅसेंजर उठतात आणि शिव्या मलाच बसतात. सकाळी पुण्यात पोचल्यावर तो बसच्या डिक्कीत, सामानाच्या जागेत, पंखा लावून झोपला आणि संध्याकाळी परत इंदूर. याच माणसाची जांभईची क्लिप दादाने मागच्या महिन्यात ग्रुपवर टाकली होती, आणि चाळीस जणांनी हसण्याचे इमोजी टाकले, मी पण बघितलं आणि गप्प बसलो, खोटं कशाला बोलू.

आता दादाला आत, बर्थच्या मधल्या गल्लीतही कॅमेरा लावायचाय, बायकांच्या सेफ्टीसाठी म्हणतो. दारापाशी लाव, मी म्हटलं, पॅनिक बटण चालतं का ते आधी बघ, पण झोपलेल्या बायका तुझ्या ऑफिसातला पोरगा रात्रभर बघत बसणार ही कसली सेफ्टी? यावर मामी पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलली.

सरकारनेही 2025 मध्ये मोठ्या बस आणि ट्रकमध्ये झोपेची वॉर्निंग देणारी सिस्टिम कंपल्सरी करायचा मसुदा काढला, चांगलंच आहे, भोंगा हवाच. पण क्लिप मालकाकडे जाणार असेल तर ड्रायवरने किती तास चालवलं तो आकडाही आरटीओकडे जाऊ दे ना, मग बघू कोण गमछा टाकतो.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, दुसरा ड्रायवर ठेवला तर तिकीट 200 रुपयांनी वाढवावं लागेल, देशील का? मी म्हटलं देईन, लगेच देईन.

"आणि तू वर्षातून किती वेळा बसतोस रे?"

एकदा, तेही कधी कधी.