बापाला ‘होमर’ म्हणणारा पोरगा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ती जुनी बातमी पुन्हा टाकली: ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतला बाप होमर आता आपल्या पोराचा, बार्टचा गळा धरत नाही. खाली पुण्याच्या काकांचा शेरा, ‘‘तिकडे कार्टूनमधल्या बापालासुद्धा हात उगारायची सोय नाही. म्हणून पोरं डोक्यावर मिरे वाटतात.’’

बातमी अर्धीच खरी. ऑक्टोबर 2023 च्या एका भागात नवा शेजारी हात मिळवताना होमरच्या पकडीचं कौतुक करतो. होमर बायकोला म्हणतो, पोराचा गळा दाबल्याचा फायदा झाला बघ. मग लगेच सारवासारव: गंमत केली, आता मी तसं करत नाही, काळ बदलला. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा निर्माते जेम्स ब्रूक्स यांनी काहीही मवाळ होणार नाही, असं सांगून टाकलं.

काकांचा कायदाही कच्चा. मी टेक्ससमध्ये राहतो. इथे आमच्या पोराच्या शाळेत कुणी मारत नाही, पण राज्याच्या कायद्याने शाळेतल्या फटक्यांना बंदी नाही. नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. घरात ‘वाजवी’ मार दिला तर तो 50 पैकी एकाही राज्यात सरसकट गुन्हा नाही. उलट भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शाळेतल्या शारीरिक शिक्षेला साफ मनाई करतं. छडी लागे छमछम आपण अजून कौतुकाने म्हणतो, ते वेगळं.

पण मला खटकतं ते निराळंच. काकांना त्या विनोदात मार दिसतो. मला दिसतं की बार्ट घाबरत नाही. डोळे बटाट्याएवढे होतात, जीभ बाहेर लोंबते, आणि पुढच्या प्रसंगात तो बापाची टर उडवायला हजर. हाकही ‘होमर’ अशी, नावाने. अणुवीज प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक असलेला हा बाप दहा वर्षांच्या पोरापुढे दर वेळी हरतो, म्हणून तर हसू येतं. बार्ट एकदा जरी त्याची चाहूल लागून दाराआड लपला असता, तर 1989 पासून चाललेली ही मालिका दुसऱ्या वर्षीच बंद पडली असती.

आमचे बाबा स्कूटर स्टँडवर लावायचे तो ‘खट’ आवाज आला की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. त्यांनी मला कधीही मारलेलं नाही. ‘ए आई’ आणि ‘अहो बाबा’ यांतलं अंतर पुरेसं होतं. त्या अंतरात विनोद कुठून येणार? बाबांची नक्कल आम्ही करायचो, पण स्वयंपाकघरात, आईपुढे.

मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंगने तर वडिलांचं खरं नाव, होमर, त्या टकल्या, बिअरवेड्या पात्राला देऊन टाकलं. आपल्याकडे असा मुलगा दिवाळीला घरी कुठल्या तोंडाने गेला असता? पण पुढे त्याने स्वतःच्या मुलाचं नावही होमरच ठेवलं. आजोबांचं नाव नातवाला! हे मी ग्रुपवर लिहिलं, तर काकांनी चक्क अंगठा दिला.

अमेरिकेतही सगळे हसत नव्हते. 1992 साली अध्यक्ष थोरले बुश म्हणाले होते की अमेरिकी कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी असावीत. वॉल्टन्स म्हणजे टीव्हीवरचंच, मंदीच्या काळातलं एक सोज्वळ कुटुंब. बार्टने पडद्यावरून उत्तर दिलं: आम्ही त्यांच्यासारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थनाच करतोय. अध्यक्षांना असं उत्तर देणारं पोरगं बापाला काय ‘अहो’ म्हणणार?

माझा मुलगा मला ‘ए बाबा’ म्हणतो. मला ते सवयीचं झालंय, माझ्या आईला अजून नाही. मागच्या आठवड्यात तो गणितात ‘सी’ घेऊन आला. बार्टचा काठावर पास झालेला पेपर होमर अभिमानाने फ्रिजवर लावतो, तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिलेला. ‘‘ए बाबा, चुंबक कुठंय?’’ म्हणाला. मी दोन्ही हात पुढे करून धावलो. त्याने आधीच जीभ बाहेर काढली होती.