काहीतरी चांगलं द्या

तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली 19 वर्षे ग्रंथपाल आहे, आणि या 19 वर्षांत देवघेवीच्या खिडकीतून मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले वाक्य म्हणजे 'काहीतरी चांगलं द्या'. भाजीवालीसमोर उभे राहून असे कोणी म्हणत नाही. तेथे माणूस वांगे हातात घेऊन देठापासून तपासतो आणि तरीही घासाघीस करतो. वाचनालयात मात्र चांगली जाणती, नातवंडे खेळवणारी माणसे पुढच्या आठ दिवसांच्या दुपारी बिनदिक्कत माझ्या हवाली करून पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसतात, आणि मी लाकडी शिडीवर चढून वरच्या फळीवरून काढलेल्या पुस्तकाकडे दुरूनच पाहून 'हे नको, दुसरं' असे सांगतात.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांत 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असे दोन आहेत. रंगनाथन ग्रंथपाल होण्यापूर्वी गणित शिकवीत असत, त्यामुळे ही दोन्ही समीकरणे कागदावर सुटतात याविषयी मला शंका नाही. वाचकाचा वेळ वाचवा, असा चौथा सिद्धान्तही त्यांनी सांगून ठेवला आहे. ग्रंथपालाचा वेळ वाचवा, असा मात्र एकही नाही.

यंदा ऑगस्टमध्ये, त्यांच्याच जयंतीच्या म्हणजे 12 तारखेच्या ग्रंथपाल दिनाला, आमच्या अध्यक्षांनी मला शाल आणि नारळ दिला आणि त्या नारळाची किंमत लगेच वसूल केली. प्रौढ वाचकांसाठी 'ग्रंथपालांची शिफारस' असा फलक दर्शनी भागात लावावा, त्यावर पाच ललित आणि पाच ललितेतर पुस्तके असावीत आणि ती दरमहा बदलावीत, असे त्यांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केले. आमच्याकडे ललित म्हणजे कादंबरी, कथा आणि नाटक. ललितेतर म्हणजे चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास, आणि जे कशातच बसत नाही ते संकीर्ण. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरी 891.463 वर बसते आणि चरित्रे 920 च्या घरात जातात. हे आकडे मला झोपेतही सांगता येतात, पण कोणत्या वाचकाचे मन कोणत्या आकड्यावर आहे हे सांगणारी सूची अजून कोणी छापलेली नाही.

मी तीन रात्री जागून यादी केली. घरी सौभाग्यवतींनी 'मुलीच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादीसुद्धा तुम्ही इतका विचार करून केली नव्हती' असे ऐकवले, आणि ते खरेच होते.

फलक लागल्याच्या दुसऱ्या दिवशी निवृत्त सुभेदारसाहेब आले. ते केवळ लढाईवरचे वाचतात. त्यांनी फलकावर विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' पाहिले आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता ते सही करून नेले. ही 1939 सालची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, आणि तिच्यात एक मराठी तरुण व जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी यांचे प्रेम आहे, हे त्यांना खिडकीतून ओरडून सांगेपर्यंत ते सायकलवर बसलेही होते. आठवडाभर मी ते दिसले की दप्तरात तोंड घालीत असे. पुस्तक आले ते मुदत उलटून चार दिवसांनी. 'गोळी एकही सुटली नाही हो यात,' दंडाचे पैसे मोजून ठेवीत ते म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन, आवाज उतरवून पुढे म्हणाले, 'पण त्या पोरीचं फार वाईट वाटलं.'

उत्तर भारताच्या सहलीला निघालेल्या एका वहिनींना प्रवासवर्णन हवे होते. मी विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' दिले. डोक्यावरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल म्हणून वरसईचे हे भटजी उत्तरेत गेले, नेमके 1857 च्या धामधुमीत सापडले आणि झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच होते. ही हकिकत 1907 मध्ये छापली गेली आणि माझ्या मते मराठी गद्यातील पहिल्या दहा पुस्तकांत ती बसते. वहिनींनी पुस्तक परत करताना माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. 'राहण्याजेवणाच्या सोयीचं काही कळेल म्हणून नेलं, तर यांची वाटेत लूटच झाली! आमच्या ह्यांनी वाचलं आणि झाशी रद्द करा म्हणताहेत.'

'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकरांनी लिहिलेले अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांचे चरित्र तर सहसा दगा देत नाही. त्यात भुईमुगाविषयी बरेच आहे, एवढ्या भांडवलावर मी ते बाजारपेठेतील शेंगदाण्याच्या एका व्यापाऱ्यांना सुचवले. त्यांनी ते मन लावून वाचले आणि माणूस देवमाणूस होता अशी कबुलीही दिली, परंतु 'भाव कुठंच दिलेला नाही' ही त्यांची तक्रार आजतागायत कायम आहे.

या सर्वांत कठीण ठाणे म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा. अण्णा ललित वाचत नाहीत. 'खोटं वाचायला आता वेळ नाही, सर,' असे ते प्रत्येक वेळी सांगतात आणि मग दीड तास बसतात. त्यांना फक्त खरे लागते. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' त्यांनी तीन वेळा वाचले आहे. ती 1967 सालची कादंबरी आहे, त्यात कर्ण आणि कुंती आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात ती सावंतांच्या प्रतिभेची किमया आहे, असे मी एकदा नम्रपणे निदर्शनास आणून दिले. अण्णा हसले. 'कर्ण स्वतः सांगतोय ना? मग?' यावर ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेत उत्तर नाही.

एवढ्या अवधीत आमच्याकडील पुस्तके खऱ्या अर्थाने खपवीत होते ते शिपाई, ज्यांना सगळा गाव मामा म्हणतो. मामांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही. त्यांची पद्धत अशी की वाचक समोर आला की पुस्तक काढायचे आणि आधी 51 वे पान उघडायचे. आमच्याकडील जुने वाचक वाचून झालेल्या पुस्तकात त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आपली खूण करतात, कोणी टिंब, कोणी फुली, एक आजी बारीक तुळशीचे पान काढतात. वास्तविक हा नियमभंग आहे आणि तशी पाटी मीच लावलेली आहे. मामांना मात्र प्रत्येक खूण कोणाची ते पाठ आहे. 'हे तुमचं झालंय, आजी,' असे म्हणून ते पुस्तक मिटतात, दुसरे काढतात, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली आहे का ते पाहतात, पुठ्ठा किती सुटला आहे ते अंगठ्याने चाचपतात आणि निकाल देतात, 'न्या, चांगलं फाटलंय.' मामांनी दिलेले पुस्तक बदलायला आजवर कोणी आलेले नाही.

दुसऱ्या महिन्याची यादी मी निमूटपणे मामांवर सोपवली. त्यांनी ललितेतर विभागात पहिल्या क्रमांकावर कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' ठेवले. फाटण्याच्या बाबतीत त्याला वाचनालयात तोड नव्हती. त्याची बांधणी दोनदा करून झाली होती, तळणीच्या पदार्थांची पाने तेलाने पारदर्शक झाली होती आणि मधल्या एका पानावर हळदीचा अंगठा इतका स्वच्छ उमटला होता की खरेदीखतावर चालला असता. ग्रंथपालांची शिफारस म्हणून पाककृती, याची मला लाज वाटली, पण फलकावर ते खडूने लिहून होत होते तोच अण्णा आले.

'हे खरं आहे ना?'

'वाटी आणि चमच्यापर्यंत खरं आहे,' मामा म्हणाले.

अण्णा ते घेऊन गेले. दिवाळीच्या तोंडावर ते परत आले तेव्हा पुस्तकासोबत स्टीलचा एक डबा होता. त्यांनी तो खिडकीत ठेवून उघडला. आत चकल्या होत्या, किंवा चकल्यांच्या आकाराचे काहीतरी होते, आणि त्यांतील एक मामांनी दोन्ही हातांनी मोडायला घेतली तरी ती मोडेना.

'हेही कल्पितच निघालं,' अण्णा म्हणाले.

'मोहन किती घातलं होतं?' मामांनी विचारले.

'तेलकट नको म्हणून ते वगळलं.'

मामांनी माझ्याकडे पाहिले, मी दप्तराकडे पाहिले. अण्णांनी डबा शांतपणे बंद केला, चष्मा पुसला आणि कपाटांच्या रांगेकडे बोट केले.

'जाऊ दे, सर. ते कर्णाचंच द्या पुन्हा. तेवढं तरी खरं आहे.'